जमशेटजी टाटा आणि मुंबापुरीची जलविद्युत्

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आदी उपनगरांत राहणाऱ्या आपणा सर्वांस विजेच्या दिव्याचे आता काडीइतकेही नवल वाटत नाही. बटन दाबावे आणि खोली उजळावी, गाडीत बसावे आणि धुराचा एक कणही डोळ्यांत न जाता चर्चगेट अथवा बोरीबंदर गाठावे, हे आपल्या नित्याच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु ही शक्ती प्रथम कोठून आली, कोणाच्या डोक्यातून निघाली आणि तिच्यापायी कोणी काय सोसले, हे विचारू गेल्यास बहुतेक विद्यार्थी निरुत्तर होतील. हल्ली साऱ्या जगात असा प्रश्न चर्चिला जात आहे की, कोळसा व खनिज तेल न जाळता केवळ पाऊस, वारा व सूर्य यांच्या बळावर मोठमोठी नगरे, किंबहुना संपूर्ण देश चालविता येतील की काय. विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न आपल्या मुंबईस मुळीच नवा नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ज्या पुरुषाने सह्याद्रीच्या पर्जन्यावर हे शहर चालविण्याचा बेत केला, त्या जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे चरित्र म्हणूनच येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

जमशेटजींचा जन्म इ. स. १८३९ च्या मार्च महिन्याच्या ३ तारखेस गुजरातेतील नवसारी या गावी झाला. त्यांचे घराणे पारशी धर्मोपदेशकांचे. पिढ्यानपिढ्या अग्यारीची सेवा करणे हाच त्यांचा वंशपरंपरागत धंदा. परंतु त्यांचे पिताजी नसरवानजी यांनी ही वाट सोडून मुंबईस येऊन व्यापाराचा मार्ग धरला. नवसारीस प्राथमिक शिक्षण झाल्यावर चौदाव्या वर्षाच्या सुमारास जमशेटजी वडिलांपाशी मुंबईस आले व पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल होऊन इ. स. १८५८ मध्ये तेथील शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले. वाचनाची गोडी त्यांना येथेच लागली व ती अखेरपर्यंत टिकली. त्या काळच्या रीतीप्रमाणे विद्यार्थिदशेतच त्यांचा विवाह हिराबाईंशी झाला. दोराबजी व रतनजी हे त्यांचे दोन पुत्र पुढे नावारूपास आले.

कॉलेज सोडताच जमशेटजी वडिलांच्या पेढीत शिरले व इ. स. १८५९ मध्ये व्यापारानिमित्त चीनच्या किनाऱ्यावरील हाँगकाँग बंदरी गेले. त्यानंतर थोड्याच काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईकरांनी त्या धुंदीत नाना प्रकारच्या मंडळ्या व बँका काढल्या. जमशेटजी इ. स. १८६४ मध्ये कापसाच्याच कामासाठी लंडनला रवाना झाले. पण १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, आणि त्यांच्या हाती असलेल्या हुंड्या कवडीमोल ठरल्या. परमुलखात, तरुण वयात, धनकोंच्या घोळक्यात सापडलेला मनुष्य एक तर पळून जातो किंवा खोटे बोलतो. जमशेटजींनी दोहोंपैकी काहीही केले नाही. सर्व हिशेब त्यांनी धनकोंपुढे उघडे मांडले. त्या सचोटीचा परिणाम असा झाला की, धनकोंनी निरवानिरवीचे काम त्यांच्याच हाती सोपविले. या आपत्तीतून टाटा कुटुंब पुढे सावरले, आणि इ. स. १८६८ मध्ये अवघ्या एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर जमशेटजींनी स्वतःची निराळी पेढी उघडली.

दुसऱ्याच वर्षी त्यांनी चिंचपोकळी येथील तेलाची एक बंद पडलेली गिरणी विकत घेतली, तिची कापडाची गिरणी बनविली व थोड्याच वर्षांत ती नफ्यात विकली. नंतर ते विलायतेस जाऊन लँकेशायर प्रांतातील सूत व कापड यांच्या धंद्याचे बारकाईने निरीक्षण करून आले. तेव्हा मुंबईत गिरणी काढण्याची जणू साथच होती. जमशेटजींनी मात्र नागपूरची निवड केली. आप्तस्वकीयांना हा वेडेपणा वाटला. परंतु त्यांचा हिशेब साधा होता. कापूस पिकतो वऱ्हाड-नागपुरात, कोळसा निघतो जवळच वरोड्यास, कापडाचे गिऱ्हाईकही त्याच मुलखात. मग कापूस मुंबईस न्यावा कशाला? इ. स. १८७७ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस, राणी व्हिक्टोरियास हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले त्याच दिवशी, ही गिरणी सुरू झाली व तिला एम्प्रेस मिल असे नाव मिळाले. या गिरणीत त्यांनी नवीन तऱ्हेच्या चात्या बसविल्या, हवा दमट व थंड राखण्याची सोय केली, आणि कामगारांसाठी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी व १८९५ साली अपघाताच्या भरपाईची व्यवस्था केली. तसा कायदा तेव्हा या देशात नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मनात टिपून ठेवावी. कारखान्याचा जीव म्हणजे शक्ती, आणि शक्ती कोठून व किती खर्चात येते यावर कारखान्याचे भवितव्य अवलंबून असते, हा धडा जमशेटजी नागपुरास शिकले. तो धडा अधिक कठोरपणे शिकविला आपल्या उपनगरातील कुर्ल्याने. इ. स. १८८६ मध्ये त्यांनी कुर्ल्याची धरमसी मिल विकत घेतली आणि तिला स्वदेशी मिल असे नाव दिले. बंगालात स्वदेशीची चळवळ सुरू होण्याच्या सुमारे वीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. गिरणी स्वस्तात मिळाली खरी, परंतु यंत्रे जुनाट व मोडकळीस आलेली होती. माल चांगला निघेना, भागांची किंमत उतरली, आणि टाटांचे नाव बुडते की काय अशी वेळ आली. जमशेटजींनी स्वतःचा पैसा त्यात घातला, नागपूरहून कसलेली माणसे आणविली, जुनी यंत्रे टाकून नवी बसविली, आणि काही वर्षांच्या अहर्निश परिश्रमानंतर ती गिरणी पायावर उभी केली. आज ती गिरणी बंद पडलेली आहे, परंतु जुन्या कुर्लेकरांच्या तोंडी तिचे नाव अद्यापि आहे.

त्या काळची मुंबई कशी होती याची कल्पना आजच्या मुलांस येणे कठीण. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत धुराड्यांचे रान माजलेले असे. प्रत्येक गिरणीत स्वतःचे बाष्पयंत्र, प्रत्येक बाष्पयंत्राखाली रात्रंदिवस धगधगणारी भट्टी. मुंबईच्या आसपास कोळशाची खाण नाही. तो आणावयाचा बंगालच्या खाणींतून किंवा विलायतेहून जहाजाने. म्हणजे वाहतुकीचा खर्च मुंबईच्या माथी आणि धूर मुंबईकरांच्या फुप्फुसांत, असा दुहेरी तोटा होता. नागपूरच्या गिरणीस जवळच्या कोळशाचा जो लाभ होता, तो मुंबईच्या गिरण्यांस कधीही मिळण्यासारखा नव्हता.

पण मुंबईजवळ कोळसा नसला तरी दुसरे काहीतरी होते. दर वर्षी ज्येष्ठ-आषाढात अरबी समुद्रावरून येणारे मेघ सह्याद्रीच्या कड्यावर आदळतात आणि लोणावळ्याच्या आसपास दीडशे इंचांहून अधिक पाऊस ओततात. हे पाणी चार महिने धो धो वाहते व पुढील आठ महिने कोरडे असतात. शिवाय घाटमाथ्यावर पडलेले पाणी पूर्वेकडे उतरून इंद्रायणी, मुळा या नद्यांच्या वाटेने भीमेस व पुढे कृष्णेस मिळते. घाटाच्या पश्चिमेस मात्र जमीन एकदम तुटून कोकणात उतरते. जर घाटमाथ्यावर बंधारे घालून हे पाणी वर्षभर साठविले, पूर्वेस जाऊ न देता पश्चिमेकडे वळविले आणि नळांतून एकदम कड्याखाली सोडले, तर त्या पडत्या पाण्याच्या जोराने चक्रे फिरवून वीज उत्पन्न करता येईल, अशी ही कल्पना. ती जमशेटजींच्या एकट्याच्या डोक्यातून निघाली असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतील गृहस्थांनी या स्थळाचा विचार केला होता व तो जमशेटजींपुढे मांडला होता. परंतु कल्पना सुचणे निराळे आणि ती अंगावर घेणे निराळे.

तो काळच या शास्त्राच्या बाल्यावस्थेचा होता. अमेरिकेत नायगारा धबधब्याची वीज इ. स. १८९६ मध्ये बफेलो शहरी पोहोचली. आपल्या देशात १८९७ साली दार्जिलिंग येथे एक लहानसे जलविद्युत्केंद्र निघाले, आणि १९०२ साली म्हैसूर संस्थानात कावेरीवरील शिवसमुद्रम् येथील वीज नव्वद मैलांहून अधिक अंतरावरील कोलारच्या सोन्याच्या खाणींस मिळू लागली. या घटनांमुळे दूर अंतरावर वीज नेता येते हे सिद्ध झाले होते. परंतु खाणींना वीज देणे एक, आणि लाखो लोकांच्या, शेकडो यंत्रांच्या नगरास ती देणे दुसरे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत जमशेटजींनी या योजनेची तज्ज्ञांकडून चौकशी व पाहणी चालविली होती.

हे एकच काम त्यांच्यापुढे नव्हते. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना असावा, उच्च शास्त्रीय संशोधनासाठी विद्यापीठ असावे आणि मुंबईस जलविद्युत् मिळावी, हे तीन ध्यास त्यांनी घेतले होते. या तीन गोष्टी वरवर पाहता वेगवेगळ्या दिसतात, परंतु त्यांत एकच सूत्र आहे. पोलादावाचून यंत्र नाही, शक्तीवाचून यंत्र चालत नाही, आणि विद्येवाचून यंत्र करणारा मनुष्य निपजत नाही. शास्त्रीय संस्थेसाठी त्यांनी १८९८ साली आपल्या मिळकतीपैकी तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. तत्पूर्वी १८९२ साली हुशार विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी साहाय्य करणारा निधी त्यांनी स्थापिला होता. याशिवाय रेशमाच्या किड्यांची जोपासना, मिसरी कापसाची लागवड, जुहूतारा येथील खाडीकाठची जमीन सुधारून तेथे टुमदार वसाहत करण्याची योजना, असे त्यांचे अनेक उद्योग चालू असत. त्यांतील काही फसले. चीन-जपानकडील जलमार्गावर बलाढ्य परदेशी कंपनीशी टक्कर देण्यासाठी १८९३-९४ च्या सुमारास त्यांनी जहाजांची एक वाहतूक सुरू केली, पण प्रतिस्पर्ध्यांनी दर इतके उतरविले की ती लवकरच बंद करावी लागली. परंतु एका अपयशाने ते दुसऱ्या कामास कधी भ्याले नाहीत.

इ. स. १९०३ च्या डिसेंबरात अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल विजेच्या दिव्यांसह सुरू झाले. परंतु तोवर जमशेटजींची प्रकृती ढासळली होती. उपचारासाठी ते यूरोपात गेले. १९०४ च्या मार्चमध्ये त्यांच्या पत्नी हिराबाई निवर्तल्या, आणि त्याच वर्षी मे महिन्याच्या १९ तारखेस जर्मनीतील बाद नाउहाइम या गावी जमशेटजींनी इहलोकची यात्रा संपविली. इंग्लंडातील ब्रुकवुड येथील दफनभूमीत त्यांचा देह विसावला आहे. मृत्युसमयी त्यांच्या तीन ध्यासांपैकी एकही सिद्धीस गेला नव्हता. पोलादाचा कारखाना कागदावर होता, शास्त्रीय संस्था सरकारी पत्रव्यवहारात अडकली होती, आणि सह्याद्रीचे पाणी पूर्वीसारखेच पूर्वेकडे वाहत होते. त्या दिवशी एखाद्याने त्यांच्या आयुष्याचा जमाखर्च मांडला असता, तर तीन मोठ्या खात्यांवर त्यास शून्य लिहावे लागले असते.

परंतु जमशेटजींनी माणसे तयार करून ठेवली होती. ज्येष्ठ पुत्र सर दोराबजी, कनिष्ठ पुत्र सर रतनजी आणि निकटचे आप्त व भागीदार रतनजी दादाभाई यांनी पित्याचे ऋण फेडावे तसे हे काम पुढे चालविले. बंगळूरची शास्त्रीय संस्था १९०९ साली स्थापन झाली. साकची येथील कारखान्यातून १९१२ साली पोलाद निघाले, व पुढे १९१९ साली त्या गावास जमशेदपूर हे नाव मिळाले. जलविद्युतेसाठी इ. स. १९१० च्या नोव्हेंबरात टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी नोंदविण्यात आली आणि तिचे भांडवल हिंदी संस्थानिकांनी व व्यापाऱ्यांनी उभे केले. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते कोनशिला बसली. लोणावळा, वळवण व शिरवटा ही तीन सरोवरे बांधण्यात आली. तेथून पाणी कालव्यांनी व प्रचंड लोखंडी नळांनी घाटाखाली खोपोलीस उतरविण्यात आले, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ फिरविताच त्या पाण्याची वीज मुंबईकडे धावली. जमशेटजींस जाऊन तेव्हा जवळजवळ अकरा वर्षे झाली होती.

ही वीज होते कशी, हे शास्त्र शिकणाऱ्या मुलांनी थोडे गणित करून पाहावे. घाटमाथ्यापासून खोपोलीपर्यंत पाण्याचा पाड सुमारे सतराशे फूट, म्हणजे पाचशे मीटरांहून थोडा अधिक आहे. एक हजार लिटर पाण्याचे वजन एक हजार किलोग्रॅम. ते इतक्या उंचीवरून खाली आले असता जे कार्य घडते, त्यातून घर्षणादी नुकसान वजा केल्यावर एक युनिटाहून थोडी अधिक वीज हाती लागते. म्हणजे घाटावर पावसाने भरलेली एक सामान्य घरगुती टाकी ही एका युनिटाची ठेव होय. चक्र फिरवून झालेले पाणी नासत नाही. खोपोलीचे पाणी पाताळगंगेस मिळते व उन्हाळ्यातही ती नदी वाहती ठेवते. धूर नाही, राख नाही, आणि पुढील आषाढात मेघराजा ती ठेव पुनः भरून देतो. विहार व तुळशी या आपल्याच उपनगरांतील तलावांनी ज्याप्रमाणे पावसाचे पाणी साठवून मुंबईची तहान भागविली, त्याचप्रमाणे लोणावळ्याच्या तलावांनी तिच्या यंत्रांची भूक भागविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पहिल्या केंद्राच्या यशानंतर आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरी येथे १९२२ साली, आणि नीळा-मुळा नद्यांच्या पाण्यावर भिरा येथे १९२७ साली, अशी आणखी दोन केंद्रे उभी राहिली. एकामागून एक गिरण्यांनी आपली बाष्पयंत्रे बंद करून तारेतून येणारी शक्ती घेतली. १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली आगगाडी धावली, आणि १९२८ च्या जानेवारीत कुलाब्यापासून थेट बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. उपनगरी गाड्यांस लागणाऱ्या शक्तीत या पाण्याच्या विजेचा मोठा वाटा होता. १९२९ साली उपनगरांसाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली व टाटांची वीज घेऊन ती वांद्रे, अंधेरीसारख्या गावांतील घरोघरी पोहोचवू लागली. रॉकेलच्या कंदिलाखाली धडे गिरविणाऱ्या मुलांच्या पुढ्यात दिवा आला तो असा. अंधेरी-बोरिवली ही तेव्हा भाताच्या खाचरांची व ताडामाडांची गावे होती. विजेच्या गाडीने व विजेच्या दिव्याने त्यांची उपनगरे केली.

येथवरची कथा ऐकून कोणासही अभिमान वाटेल. परंतु चरित्रलेखकाने एकच बाजू सांगणे उचित नव्हे. भिरा येथील केंद्रासाठी मुळशी पेट्यात धरण बांधावयाचे ठरले तेव्हा तेथील सुमारे पन्नास गावांच्या शेतजमिनी व घरे पाण्याखाली जाणार हे उघड झाले. ही गावे भाताची. तेथील आंबेमोहोर तांदूळ पुण्यात नावाजलेला. मावळ्यांना न विचारता भूसंपादनाचा कायदा लावण्यात आला. इ. स. १९२१ च्या एप्रिलात, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट त्याचे अग्रणी झाले व याच लढ्यामुळे त्यांस सेनापती ही पदवी लाभली. विनायकराव भुस्कुटे यांनीही त्यात स्वतःस झोकून दिले. स्त्रिया व मुलेदेखील कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. तीन वर्षांच्या झगड्यानंतर लढा मोडला व धरण पुरे झाले. भरपाईचा मोठा भाग ज्यांच्याकडे जमिनी गहाण पडल्या होत्या त्या सावकारांच्या हाती गेला, आणि कसणारे कुळ रिकाम्या हाताने डोंगरावर सरकले.

हे घडले तेव्हा जमशेटजी हयात नव्हते, आणि म्हणून त्याचा दोष त्यांस लावणे योग्य होणार नाही. परंतु ज्या योजनेचे श्रेय आपण त्यांच्या पदरी घालतो, तिच्या किमतीचा हिशेबही त्याच चोपडीत लिहिला पाहिजे. ज्या मनुष्याने कायदा नसता कामगारांच्या अपघाताची भरपाई ठरविली, त्याच्या दृष्टीची मुळशीस गरज होती, एवढे मात्र खचित म्हणता येईल. आजही पूर्वेकडील भीमेच्या खोऱ्यातील शेतकरी विचारतात की, आमच्याकडे वाहणारे पाणी कोकणात का सोडावे. या प्रश्नाचे उत्तर अद्यापि पुरते मिळालेले नाही. वीज धूररहित असली म्हणजे ती आपोआप निर्दोष ठरत नाही, हे मुळशीने आपणांस शिकविले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केवळ निसर्गाच्या नित्य नव्या होणाऱ्या शक्तीवर नगर चालेल काय? एके काळी मुंबईच्या गिरण्यांची चाके पुष्कळ अंशी पावसावर फिरत होती, हा इतिहास आहे. पण शहर वाढत गेले आणि सरोवरे तेवढीच राहिली. १९५६ साली तुर्भे येथे इंधन जाळणारे केंद्र सुरू करावे लागले. आज खोपोली, भिवपुरी व भिरा मिळून सुमारे ४४७ मेगावॅट शक्ती देऊ शकतात, तर उन्हाळ्याच्या भर दुपारी मुंबईची मागणी चार हजार मेगावॅटच्या आसपास जाते. म्हणजे जी शक्ती एके काळी नगराचा मोठा भार वाहत होती, तिच्याने आज नवव्या हिश्श्याइतकाच भार उचलवतो. नॉर्वेसारख्या देशात जवळजवळ सर्व वीज पाण्यापासून होते, कारण तेथे डोंगर पुष्कळ, पाणी पुष्कळ आणि माणसे थोडी. आपल्याकडे हे एकट्या पाण्याने साधणारे नाही. त्यास सूर्याची व वाऱ्याची जोड द्यावी लागेल.

सूर्य सायंकाळी मावळतो व वारा आपल्या मर्जीने वाहतो, ही त्यांतील अडचण. म्हणून दिवसा जास्त झालेली वीज वापरून खालचे पाणी वरच्या सरोवरात चढवावयाचे आणि रात्री तेच पुनः खाली सोडून वीज घ्यावयाची, अशी युक्ती योजिली जाते. भिरा येथे अशी १५० मेगावॅटची सोय आहे, आणि नगर जिल्ह्याच्या हद्दीवरील घाटघर येथेही राज्य सरकारने २५० मेगावॅटचे असे केंद्र उभारले आहे. २०२३ साली शिरवटा येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॅटच्या अशाच केंद्रांचा करार महाराष्ट्र सरकार व टाटा कंपनी यांच्यामध्ये झाला. शंभर वर्षांपूर्वी शोधलेल्या त्याच जागा, तेच कडे आणि तोच पाड आज सूर्याची वीज साठविण्याच्या कामी येऊ पाहत आहेत. जमशेटजींच्या काळी सौरविद्युतेची गोष्टही कोणी काढीत नसे. परंतु भक्कम पायावर केलेले काम पुढील पिढ्यांच्या अनपेक्षित उपयोगास येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

बालमित्रहो, जमशेटजींच्या चरित्रापासून धनिक कसे व्हावे हे शिकावयाचे नाही. लंडनमध्ये सर्वस्व गेले असता हिशेब उघडा ठेवण्याचे धैर्य, कुर्ल्याच्या मोडक्या गिरणीत स्वतःचे धन ओतण्याची जिद्द, आणि आपल्या डोळ्यांस दिसणार नाही अशा फळासाठी बी पेरण्याची वृत्ती, हे त्यांच्यापाशी शिकण्यासारखे आहे. आणि मुळशीच्या शेतकऱ्यांपासून हे शिकावयाचे की, लोककल्याणाच्या कामातही ज्याचे घर बुडते त्यास आधी विचारले पाहिजे. तुमच्यापैकी कोणी उद्या स्थापत्यशास्त्रज्ञ होईल, कोणी विद्युत्शास्त्रज्ञ होईल, कोणी कायदा करणारा होईल. त्या वेळी या नगरास धुरावाचून शक्ती कशी द्यावी हा प्रश्न तुमच्याच पुढे येणार आहे. तो सोडविताना वरील दोन्ही धडे एकत्र ध्यानात ठेवाल, तर जमशेटजींनी अर्धवट सोडलेले काम तुमच्या हातून पुरे होईल. आणि पालकांनीही रिकाम्या खोलीतील दिवा मालवताना मुलांना लोणावळ्याच्या त्या पाण्याची गोष्ट एकदा अवश्य सांगावी.